लस टोचली की आत काय होतं तेही छापा ना

संपादक महोदय, स.न.वि.वि.

माझी तान्ही भाची नऊ महिन्यांची झाली नि डॉक्टरांनी टायफॉइडची लस सांगितली, तर ताई म्हणाली, अगं आमच्या वेळी ही दोन वर्षांनंतर द्यायचे, मग आता एवढ्या लवकर कशी काय? बरोबर विचारलं तिने. जुन्या लसीत जंतूच्या वरचं नुसतं साखरेचं आवरण असायचं, त्यावर टी पेशी जागच्या हलत नाहीत, आणि तान्ह्या बाळाच्या बी पेशी (दोन्ही रक्तातल्या पांढऱ्या पेशीच हो) टी पेशींच्या मदतीशिवाय अँटीबॉडी नीट बनवत नाहीत, आठवणही ठेवत नाहीत. नव्या लसीत त्या साखरेला एक प्रोटीन जोडलंय, धनुर्वाताच्या लसीतलंच! बी पेशी ते गिळते, तुकडा टी पेशीला दाखवते, ती हिरवा कंदील देते, मगच पक्क्या अँटीबॉडी. किती सुंदर आहे हे!

2018 मध्ये नवी मुंबई महापालिकेने 9 महिने ते 14 वर्षांच्या मुलांसाठी हीच लस मोहीम काढली होती. लसीकरणाच्या बातमीत नुसत्या तारखा नि केंद्रं येतात, त्यासोबत एवढ्या चार ओळी प्लीज छापा, ताईसारख्या आया रांगेत उभ्या राहून हेच विचारत असतात.

आपली एक वाचक, ठाणे