पाय कापायचा तर आजच, वाचवायचा तर पुढच्या महिन्यात

माननीय आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला यंत्रमाग कामगार. टॉवेल विणायचो. दिवाळीनंतर माझा डावा पाय गुडघ्याखाली कापला आणि मागापुढं उभं राहणं संपलं. आपण कामात असता, म्हणून चार ओळींत आटोपणार होतो. पण गेल्या आठवड्यात उजव्या पायाचा अंगठा निळा पडलाय, आता चार ओळींत भागणार नाही.

सुरुवात पोटरीपासून झाली. कारखान्यातून घराकडं निघालं की अर्ध्या वाटेत पोटरी आवळून यायची, कुणाच्या दुकानाच्या पायरीवर टेकलं की थांबायची. एकानं कंबरेची नस सांगितली, दुसऱ्यानं कॅल्शियम दिलं. पुढं रात्रीचा ठणका सुरू झाला. पाय खाटेखाली लोंबकळत सोडला तर जरा दम पडायचा, वर घेतला की पुन्हा आग. करंगळी काळी पडली तेव्हा कुठं एका डॉक्टरांनी घोट्यापाशी नाडी चाचपली. लागली नाही. नसांतून रक्त कुठवर जातं ते दाखवणाऱ्या तपासण्या, कलर डॉपलर झालं, सीटी अँजिओ झाली. गुडघ्याखालच्या, रक्त नेणाऱ्या नसा बंद. ते म्हणाले, हृदयाची करतात तशीच पायाची अँजिओप्लास्टी होते. जांघेतून तार घालायची, बंद जागी फुगा फुगवायचा. रक्त खाली पोचलं तर करंगळीवर निभावेल, पण थांबू नका.

थांबलो नाही. एका मोठ्या रुग्णालयात गेलो. दारातच बोर्ड, पाच लाखांपर्यंत उपचार मोफत. सरकारी योजनेचे अर्ज भरणाऱ्या आरोग्यमित्रानं फाईल उलटीपालटी केली आणि म्हणाला, "काका, पाय कापायचं असेल तर आजच योजनेत टाकतो. फुग्याचं करणारे डॉक्टर बाहेरून येतात. पुढच्या महिन्यात बघू." तोवर काळं घोट्याच्या वर चढलं. मग कापणं भागच होतं, जिवावर बेतलं होतं. कापणाऱ्या सर्जनबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार त्या महिन्याची आहे.

आपण मोफत उपचाराच्या महात्मा फुले योजनेचं कवच दीड लाखाचं पाच लाख केलंत, रेशनकार्ड पिवळं असो की पांढरं, सगळ्यांना दिलंत. अभिनंदन. पण हातात तार धरणारा माणूसच गावात नसेल तर ते पाच लाख मी काय कुबडीला बांधू?

तंबाखूनं आणि शुगरनं या नसा बंद पडतात, म्हणून प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न, बिडी ओढता का? ओढायचो. या गावात हजारो बायका बिड्या वळतात, माझी बायकोही वळते. हजार बिड्यांची मजुरी हातात पडते त्यावर आज आमचं दोघांचं घर चालतं. बिडीवरचा जीएसटी घेताना सरकारनं कधी विचारलं नाही, बाबा, तुझे पाय गरम आहेत का?

मागणी फार मोठी नाही. दंडाचं बीपी घ्यायचं, घोट्याचं घ्यायचं, घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्यानं भागायचं. 0.9 च्या खाली आलं की नसेत अडथळा आहे असं समजायचं. एक पट्टा आणि नसेतल्या रक्ताचा आवाज ऐकवणारं, हातात मावणारं डॉपलर, एवढंच लागतं. हे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, शुगरच्या आणि तंबाखूच्या प्रत्येक पेशंटला करा. आणि सोलापुरात पायाची अँजिओप्लास्टी करणारा डॉक्टर कायमचा नेमा, पाहुणा नको. इथं फक्त आम्ही येत नाही. अक्कलकोट, मंगळवेढा, धाराशिव, पार विजयपूर-कलबुर्गीचे लोक येतात. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2023 च्या अहवालात देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत. शंभरातल्या एकाची नस बंद पडली असं धरलं तरी दहा लाख पाय झाले. माझा हिशेब चुकत असेल तर तुमच्या खात्यानं खरा मोजून छापावा. हृदयाचे झटके मोजता, कापलेले पाय कोण मोजतं?

आणि पैसे नाहीत हे तर सांगूच नका. 2016 साली पहिल्याच यादीत आम्ही स्मार्ट सिटी झालो. उजनी धरण भरून वाहतं आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. विमान उतरावं म्हणून 2023 मध्ये साखर कारखान्याची चिमणी पाडली, त्या दिवशी पोलीस कुठून कुठून आणले होते! चिमणी पाडायला एवढी माणसं मिळतात, मग एक डॉक्टर मिळत नाही? निवडणुकीत मात्र तुमची माणसं माझ्या गल्लीत घरोघर येतात. त्यांना पायऱ्या चढायला काही त्रास होत नाही.

मला पुण्याला जा असं सांगितलंय. अडीचशे किलोमीटर. जाणार आहे, उसनवारी करून जाणार आहे, कारण उजवा पाय पुढच्या महिन्याची वाट बघणार नाही. पण माझ्या मागच्या खाटेवर मंगळवेढ्याचा एक शेतमजूर होता, त्याला उसनं देणारंही कुणी नाही. त्याचं काय करायचं ते कळवा. "अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग केला आहे" असं पत्र मात्र पाठवू नका. तसली माझ्याकडं आहेत.

आपला,
एक यंत्रमाग कामगार, सोलापूर