जेजू सहलीत जाहीर केलेली तिन्ही वारसा स्थळे न दाखवल्याबद्दल तक्रार

दिनांक : ११ नोव्हेंबर २०२४

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग,
मुंबई कार्यालय

विषय : ऑक्टोबर २०२४ च्या कोरिया सहलीत जेजू बेटावरील ठरलेला कार्यक्रम न पाळल्याबद्दल तक्रार व पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी, माझे यजमान आणि आमची मुलगी असे तिघे आपल्या संस्थेबरोबर ऑक्टोबरमध्ये कोरियाला जाऊन आलो. आठ दिवसांच्या या सहलीसाठी १९ जुलै रोजी आपल्या पार्ल्याच्या कार्यालयात आम्ही ५,७०,००० रुपये भरले. सोलमधल्या दिवसांबद्दल माझी तक्रार नाही. हॉटेल स्वच्छ होते, बस वेळेवर येत होती. माझी तक्रार जेजू बेटावरच्या मुक्कामाबद्दल आहे. ती मी सविस्तर लिहीत आहे, कारण फोनवर दोनदा बोलूनही माझे म्हणणे आपल्या माणसांपर्यंत पोहोचलेले दिसत नाही.

आम्ही ही सहल निवडली ती जेजूसाठी. मी २९ वर्षे शाळेत भूगोल शिकवला. दर वर्षी नववीच्या मुलांना अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर नेत असे. इमारतींच्या गर्दीत उभे असलेले ते काळ्या दगडाचे खांब साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे आहेत, हे सांगितले की मुले दगडाला हात लावून बघत. जेजूचा दगडही तोच, बेसॉल्ट. पण आपल्या सह्याद्रीच्या मानाने ते बेट अगदी कोवळे. तिथे इ. स. १००२ आणि १००७ मध्ये उद्रेक झाल्याच्या लेखी नोंदी आहेत. लाव्हाची भुयारे, राखेचे सुळके, विवरातले तळे हे सगळे मी आयुष्यभर फळ्यावर खडूने काढले. प्रत्यक्षात एकदा बघायचे, म्हणून निवृत्तीनंतर पैसे बाजूला ठेवत होते.

आपल्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात 'युनेस्को जागतिक वारसा' असे छापले आहे. हा वारसा नेमका कोणता? २००७ साली युनेस्कोने जेजूच्या तीन गोष्टी यादीत घेतल्या : हल्लासान पर्वत, सोंगसान इल्चुलबोंग हा समुद्रात घुसलेला सुळका, आणि गोमुनओरुमची लाव्हा भुयारे, ज्यांतले पर्यटकांना माहीत असलेले भुयार म्हणजे मांजांगुल. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत ही तिन्ही नावे आहेत. या तिन्हींपैकी एकही आपण आम्हाला दाखवले नाही.

सोमवार, ७ ऑक्टोबर. सकाळी सव्वाआठला बस सोंगसानच्या पायथ्याशी उभी राहिली आणि तिकीट खिडकी बंद. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी शिखराची वाट बंद असते, तसा फलकच तिथे लावलेला होता. ७ ऑक्टोबर हा महिन्याचा पहिला सोमवार होता, हे कॅलेंडर उघडले तरी कळते. आपल्या टूर मॅनेजरला मी दोष देत नाही. पंचविशीतला मुलगा होता, त्याच्या हातात आपण दिलेला कागद होता आणि तो बिचारा आमच्याइतकाच गोंधळला होता. पंचवीस मिनिटे आम्ही खालून सुळक्याकडे बघत, फोटो काढत उभे राहिलो आणि परत बसमध्ये बसलो.

त्याच दुपारी मांजांगुल. हे भुयार सुमारे ७.४ किलोमीटर लांब आहे. त्यातला एक किलोमीटर लोकांसाठी खुला असतो आणि तो जिथे संपतो तिथे वरून गळून थिजलेल्या लाव्हाचा ७.६ मीटर उंच खांब आहे. त्या खांबाचे चित्र माझ्या जुन्या टाचणवहीत चिकटवलेले आहे. पण डिसेंबर २०२३ मध्ये तोंडाशी दगड कोसळल्यापासून मांजांगुल बंद आहे. आपण आमच्याकडून पैसे घेतले ते जुलै २०२४ मध्ये. म्हणजे सात महिने बंद असलेल्या ठिकाणाचे पैसे आपण घेतले आणि तिथे आम्हाला बसने नेऊन बंद दरवाजा दाखवला. वादळाने बोट रद्द झाली असती, वाऱ्याने विमान अडकले असते, तर हे पत्र मी लिहिले नसते. जेजूला वारा, दगड आणि बायका या तीन गोष्टींचे बेट म्हणतात, वाऱ्याची तयारी ठेवूनच आम्ही आलो होतो. पण बंद भुयार हे हवामान नव्हे.

मंगळवारी हल्लासान. १,९४७ मीटरचा हा दक्षिण कोरियातला सर्वांत उंच डोंगर, माथ्यावर बेंगनोकदाम नावाचे विवरातले तळे. हा ट्रेक आपण 'ऐच्छिक' म्हणून दिला होता आणि आमच्या मुलीने नोंदणीच्या वेळीच लेखी होकार दिला होता. ती पुण्याला असते. त्यासाठी तीन महिने दर रविवारी सिंहगड चढली, नवे बूट घेऊन ते पायात मऊ केले. माथ्यापर्यंत जाणाऱ्या दोनच वाटा आहेत, सोंगपानाक आणि क्वानुमसा, आणि दोन्हींसाठी आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. नोंदणीला पैसे पडत नाहीत. फक्त वेळेवर करावी लागते. आपण ती केली नव्हती. सोंगपानाकच्या फाटकावर पहाटे तिला हे कळले. पाठीवर पिशवी, हातात काठ्या आणि पुढे जाता येत नाही. ती काही बोलली नाही, बसमध्ये मागे जाऊन बसली आणि बुटांच्या नाड्या सैल केल्या. आई म्हणून ते मला बघवले नाही.

आणि त्याही दिवशी मार्ग होता. योंगसिलच्या वाटेला नोंदणी लागत नाही. ती माथ्यापर्यंत जात नाही, पण १,७०० मीटरवरच्या विटसे ओरुमपर्यंत जाते. मुलीने स्वतः फोनवर शोधून ही वाट सुचवली. उत्तर मिळाले की बस तिकडे वळवता येणार नाही, कारण पुढच्या दुकानाची वेळ ठरलेली आहे.

आता दुकानांविषयी. माझ्या रोजनिशीत वेळा लिहिलेल्या आहेत. सोमवारी जिनसेंगच्या दुकानात २ तास १० मिनिटे. मंगळवारी सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात १ तास ३५ मिनिटे, त्यानंतर खड्यांच्या दागिन्यांच्या दुकानात १ तास २० मिनिटे. एकूण ५ तास ५ मिनिटे. कार्यक्रमपत्रिकेत यांतल्या एकाही दुकानाचे नाव नाही. जिनसेंगच्या दुकानात आम्हाला एका खोलीत बसवून दार लावून घेतले आणि भाषण संपेपर्यंत बाहेर जाऊ दिले नाही. माझ्या यजमानांना मधुमेह आहे, त्यांना खाण्याची वेळ झाली आहे असे मी दोनदा सांगितले. त्याची दखल घेतली गेली नाही.

या दुकानांपायी जुंगमुनचा किनारा पूर्ण गळला. तो मला सगळ्यांत जास्त लागला. दीड ते अडीच लाख वर्षांपूर्वी समुद्रात उतरलेला लाव्हा थंड होताना आकसला, तडकला आणि त्याचे पाच-सहा बाजूंचे खांब झाले. काही खांब ३०-४० मीटर उंच आहेत. गिल्बर्ट हिलची ही धाकटी बहीण, आणि तिच्या पायाशी अजून लाटा आपटतात. बस त्या रस्त्यावरून गेली. फलक मी खिडकीतून पाहिला. दोन-तीन किलोमीटरचे वळण घेतले नाही आणि त्याच तासाभरात आम्ही चेहऱ्याला लावायच्या मलमांसमोर उभे होतो.

जे नीट झाले तेही लिहिते. सोमवारी सकाळी उदो बेटाची फेरी चांगली झाली. सोंगसान बंदरातून पंधरा मिनिटांत बोट पोहोचते, शेंगदाण्याचे आइस्क्रीम सगळ्यांनी आवडीने खाल्ले. मात्र तिथल्या ज्या पांढऱ्या किनाऱ्यावर आपण नेलेत, तिथली वाळू म्हणजे तांबड्या समुद्रशेवाळाच्या गोळ्या झिजून झालेले खडे आहेत. ते संरक्षित आहेत, उचलून नेण्यास मनाई आहे. हे आपल्या गाईडने सांगितले नाही. आमच्यातल्या दोन बायकांनी नातवंडांसाठी मूठभर खडे पिशवीत घातले आणि परतीच्या धक्क्यावर त्यांना सगळ्यांसमोर ते काढून द्यावे लागले. साधे एक वाक्य आधी सांगितले असते तर त्या बायकांवर मान खाली घालायची वेळ आली नसती.

बुधवारी, ९ ऑक्टोबरला, सकाळी चौथे दुकान होते. मी आणि यजमान गेलो नाही. 'स्वतःच्या जबाबदारीवर' असे टूर मॅनेजरने लिहून घेतले, त्याची प्रत जोडली आहे. आम्ही दोघे जेजू शहरातून २०१ क्रमांकाच्या साध्या बसने सोंगसानला गेलो. माणशी बाराशे वॉनच्या आसपास भाडे. वर जायचे तिकीट पाच हजार वॉन. माझे वय ६७, गुडघा दुखरा. तरुणांना वीस-पंचवीस मिनिटे लागतात, मला पाऊण तास लागला. वाटेत पायऱ्यांच्या कडेला राखेचे थर दिसतात, एकावर एक बारीक पानांसारखे. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी तापलेला शिलारस समुद्राच्या पाण्याला भिडला आणि स्फोटांमागून स्फोट होऊन ती राख इथे साचली. वर पोहोचल्यावर समोर हिरवीगार परात, कडेने दगडी दातांची रांग आणि पलीकडे समुद्र. ६०० मीटर रुंदीचे ते विवर मी किती वर्षे फळ्यावर बशीसारखे काढले होते!

तिथून त्याच बसने हादोच्या हेन्यो संग्रहालयात गेलो. हेन्यो म्हणजे प्राणवायूच्या नळकांडीशिवाय समुद्रात बुडी मारून शंख-शिंपले, अबालोन नावाचे कवचधारी जीव, समुद्री शेवाळ काढणाऱ्या बायका. त्यांची परंपरा युनेस्कोने २०१६ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. संग्रहालयातून बाहेर पडून किनाऱ्याला गेलो तर पाण्यावर नारिंगी तरंगे दिसले. एक डोके वर आले आणि आवाज ऐकू आला. लांब, बारीक शीळ. कोंडलेला श्वास सोडतानाचा हा आवाज, त्याला सुम्बिसोरी म्हणतात. थोड्या वेळाने एक बाई वर आली, सत्तरीच्या पुढची असावी. जाळी खडकावर टेकवली, चष्मा काढला आणि हातातल्या पाल्याने त्याची काच पुसली. आपल्या दवण्याच्या कुळातली वनस्पती आहे ती; काचेवर वाफ धरू नये म्हणून तिचा रस लावतात. माझ्याकडे बघून ती हसली आणि पुन्हा पाण्यात गेली. परत येताना शेतांच्या काळ्या दगडी बांधांवर हात ठेवून चालले. दगड नुसते रचलेले, मध्ये फटी. वारा फटींतून निघून जातो म्हणून बांध उभा राहतो.

हे सगळे अर्ध्या दिवसात, दोघांच्या मिळून फार तर हजार-बाराशे रुपयांत झाले. म्हणूनच माझी तक्रार अधिक तीव्र आहे. बेट तिथेच होते, वाट सोपी होती, आणि आपण आम्हाला दुकानांत बसवून ठेवले. आमच्या गटात ३४ माणसे होती. त्यांतल्या बहुतेकांना जेजू म्हणजे जिनसेंग आणि मलमे एवढेच आठवणार, याचे मला फार वाईट वाटते. विमानतळाकडे जाताना १९४८ च्या ३ एप्रिलच्या उठावाचा आणि त्यानंतरच्या हत्याकांडाचा एका शब्दानेही उल्लेख झाला नाही. बेटाच्या लोकसंख्येचा साधारण दहावा हिस्सा त्यात मारला गेला, असा अंदाज आहे. त्याचे स्मृती उद्यान जेजूत आहे. तिथे न्या असे मी म्हणत नाही, पण जिथे माणसे नेता तिथल्या लोकांनी काय सोसले हे दोन मिनिटे सांगायला हवे होते.

जेवणाबद्दल थोडक्यात : 'शुद्ध शाकाहारी' म्हणून दिलेल्या सूपमध्ये माशाचा अर्क होता. विचारल्यावर हॉटेलवाल्यांनी तो लगेच मान्य केला.

आपल्या कार्यालयातून दोन्ही वेळा एकच उत्तर मिळाले, की अटींनुसार कार्यक्रमात बदल होऊ शकतो. ती अट मी वाचली आहे. ती 'अपरिहार्य कारणांमुळे' असे म्हणते. महिन्याचा पहिला सोमवार, दहा महिने बंद असलेले भुयार आणि न केलेली मोफत नोंदणी यांपैकी कोणते कारण अपरिहार्य होते, ते कृपया लेखी कळवावे.

माझ्या मागण्या अशा आहेत. सहलीचा खर्च तिघांचा मिळून दिवसाला ७१,२५० रुपये पडतो. ७ आणि ८ ऑक्टोबर या दोन दिवसांचे १,४२,५०० रुपये परत करावेत. बुधवारचा आमचा खर्च मी मागत नाही. दुसरे, आपल्या संकेतस्थळावर डिसेंबरच्या सहलीत आजही मांजांगुलचे नाव आहे, ते आजच काढावे आणि ज्यांनी पैसे भरले आहेत त्यांना कळवावे. तिसरे, दुकानांचे थांबे आणि त्यांना लागणारा वेळ कार्यक्रमपत्रिकेत छापावा, म्हणजे ज्यांना नको त्यांना बाहेर राहता येईल. हल्लासानची नोंदणी प्रवाशांच्या नावाने करून तिची प्रत निघण्याआधी द्यावी.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या कारणांवरून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. गटातल्या आणखी पाच कुटुंबांनी सही करण्याची तयारी दाखवली आहे.

सोबत माहितीपत्रक, पावती, मुलीचा ट्रेकसाठीचा लेखी होकार, सोंगसानच्या बंद खिडकीवरील फलकाचा ७ ऑक्टोबरचा फोटो, ९ ऑक्टोबरची दोन तिकिटे आणि रोजनिशीच्या पानांच्या प्रती जोडल्या आहेत.

आपली विश्वासू,
(सही)
निवृत्त भूगोल शिक्षिका,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई