लालबागच्या खोलीतील गाववाल्यांना आभाराचे पत्र

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी १४ नोव्हेंबरच्या रात्री, दादर स्थानकात तुतारी एक्स्प्रेस सुटून गेल्यावर फलाटावर चार मोठ्या बॅगा घेऊन उभ्या राहिलेल्या दोन वृद्ध माणसांना आपण आपल्या खोलीवर घेऊन गेलात. त्या दोघांपैकी मी एक. सकाळच्या घाईत आपला फोन नंबर घ्यायचा राहून गेला आणि आपले पूर्ण नावही विचारले गेले नाही. खोलीतील सगळे आपल्याला ‘भाऊ’ म्हणत होते, एवढेच मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. कोणी तरी ते आपल्याला वाचून दाखवील, याची मला खात्री आहे, कारण आपली माणसे एकमेकांना निरोप पोहोचवण्यात कधी चुकत नाहीत.

त्या रात्री नेमके काय चुकले होते, हे आपण आम्हाला विचारले नाही, म्हणून आधी तेच सांगते. चूक माझी होती. आम्ही पाच महिने न्यू जर्सीत मुलीकडे होतो आणि परतीच्या रेल्वेचे आरक्षण मी तिच्याच घरी बसून केले होते. विमान १४ तारखेला रात्री साडेआठला मुंबईत उतरणार, तेव्हा रात्रीची गाडीही १४ चीच, असे मी धरून चालले. तुतारी दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते, म्हणजे तोवर तारीख १५ झालेली असते, हे माझ्या ध्यानात आले नाही. आमची गाडी आम्ही मुंबईत उतरण्याच्या वीस तास आधीच निघून गेली होती. तिकीट तपासनीसांनी ते अतिशय सौम्य शब्दांत सांगितले, परंतु डबा भरलेला होता आणि त्यांनाही काही करता येण्यासारखे नव्हते. मुलीच्या घरातून निघून आम्हाला बावीस तास झाले होते. माझे यजमान सत्तर वर्षांचे, दोन्ही गुडघे दुखणारे, त्यात मधुमेह, ते बॅगेवर बसले आणि मला एवढेच म्हणाले, “आता खय जावया?”

आपण कोणाचा तरी खोका गावी पाठवण्यासाठी गाडीवर आला होता. ते तीन शब्द आपल्या कानावर पडले आणि आपण वळून विचारलेत, “तुम्ही खयचे?” आम्ही कुडाळकडचे, कर्ली नदीच्या अलीकडचे, आपण पलीकडचे. त्यापुढे आपण एकही चौकशी केली नाहीत. एक बॅग डोक्यावर घेतलीत, दुसरी हातात धरलीत आणि “चला, खोली हा आमची लालबागाक,” असे म्हणून चालू लागलात.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतले, ती सांगते. माझे यजमान १९७४ साली, एकोणिसाव्या वर्षी गिरणीत लागले आणि आठ वर्षे अशाच एका गावकरी खोलीत, म्हणजे गावच्या माणसांनी वर्गणीतून मिळून चालवलेल्या खोलीत, राहिले. १९७९ साली आमचे लग्न झाले. मी गावी सासू-सासऱ्यांपाशी, ते मुंबईत, आणि मधल्या काळात मी त्यांना जी आंतर्देशीय पत्रे पाठवली, त्या प्रत्येकावर चाळीचे नाव, खोलीचा क्रमांक, लालबाग, मुंबई १२, असा पत्ता लिहिला. तो पत्ता मला आजही पाठ आहे. मात्र ती खोली मी कधी पाहिली नाही. गाववाल्यांच्या खोलीत बायकांनी जायची रीत नव्हती, आणि तीन पाळ्यांत कामाला जाणारे तीस-तीस पुरुष जेथे आळीपाळीने पाठ टेकत, तेथे बाईमाणसाने जायचे तरी कोठे? १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि काही महिन्यांनी यजमान ट्रंक घेऊन गावी परतले, ते कायमचे. त्या खोलीबद्दल ते फारसे बोलत नसत. मीही कधी विचारले नाही.

आपल्या खोलीचे दार उघडले तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. आत सात माणसे झोपलेली होती. आपण काही तरी हळू बोललात आणि ती सातही जणे उठली, आपापल्या वळकट्या उचलून बाहेर गॅलरीत गेली. एकाच्याही चेहऱ्यावर नाराजी दिसली नाही. त्यातील एक जण सहाच्या पाळीला जाणारा होता, हे मला सकाळी कळले आणि फार वाईट वाटले. भिंतीला ओळीने खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एकाच माणसाचे कपडे, खाली ओळीने ट्रंका, त्यांवर पांढऱ्या रंगात लिहिलेली नावे, कोपऱ्यात ग्रामदेवतेची तसबीर आणि तिच्याखाली खिळ्याला टांगलेली वर्गणीची वही. यजमान दारातच थांबले. मग आत जाऊन एका ट्रंकेवर बसले आणि तिच्या झाकणावरून हात फिरवत राहिले. मी चाळीस वर्षांहून अधिक काळ ज्या माणसाबरोबर संसार केला, तो तरुणपणी कोठे झोपला, कपडे कोठे टांगले, माझी पत्रे कोणत्या उजेडात वाचली, हे मला त्या रात्री प्रथम दिसले.

आपण स्टोव्हवर उकड्या तांदळाची पेज ठेवलीत आणि बरणीतील खारातली कैरी काढलीत. मुलीच्या घरी आम्हाला काही कमी नव्हते, तिने आमचे सर्व प्रेमाने केले. तरीही पितळीतील त्या पेजेची वाफ तोंडावर आली तेव्हा मला रडू आवरले नाही, आणि आपण ते पाहिले न पाहिलेसे करून पाणी आणायला गेलात, त्याबद्दलही आभार मानते. यजमानांची उरलेली इन्सुलिनची पेने ज्या पिशवीत होती, तिच्यातील बर्फ केव्हाच वितळला होता. खोलीत फ्रीज नव्हता. आपण त्या अपरात्री खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडाचे दार वाजवून ती त्यांच्या फ्रीजमध्ये ठेवून आलात आणि पहाटे न विसरता परत आणलीत. त्या ताईंनाही माझा नमस्कार सांगावा.

झोप आम्हाला येणार नव्हतीच, कारण आमच्या शरीराच्या हिशेबाने तेव्हा भर दुपार होती. यजमान गॅलरीत जाऊन बसले. तीन वाजेपर्यंत मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. कोणत्या पाळीला कोण झोपे, गणपतीला गावी जाण्यासाठी बदली कामगार कसा शोधावा लागे, खानावळीचे पैसे थकले की कोण सांभाळून घेई, असे कितीतरी ते आपल्या मंडळींना सांगत होते. ती मंडळी आता गिरणीत नव्हे, तर कोणी सुरक्षा रक्षक, कोणी हॉटेलात, कोणी कुरिअरच्या कामाला. पण ऐकत होती, प्रश्न विचारत होती. मी आत जागी राहून ते सारे ऐकले.

पहाटे आपण आम्हाला टॅक्सीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर नेलेत, कारण मांडवी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात दादरला चढून जागा मिळाली नसती. ७ वाजून १० मिनिटांनी गाडी सुटेपर्यंत आपण खिडकीपाशी उभे होता. तिकिटाचे आणि टॅक्सीचे पैसे आपण घेतले नाहीत, आणि मी फार आग्रह केला तेव्हा “मग मी थय इलंय तर जेवणाचे घेशाल?” असे विचारून आपण मला गप्प केलेत. दुपार टळल्यावर आम्ही कुडाळला उतरलो आणि दिवेलागणीच्या आत घरी पोहोचलो.

यंदाचा उकडा तांदूळ घरच्या शेतातला आहे. त्यातील दहा किलो, खारातल्या कैरीची एक बरणी आणि माझ्या हातचे कोकमाचे आगळ गावचा एक मुलगा लालबागला येताना घेऊन येईल. चाळीचे नाव आमच्या यजमानांनी त्याला समजावून सांगितले आहे. खोलीतील सातही जणांना ते पोहोचावे. आणि मे महिन्यात आपण गावी याल, तेव्हा कर्ली ओलांडून एक दिवस आमच्याकडे जेवायला यावे. यजमान आपली वाट पाहत आहेत. त्यांनी माळ्यावरची स्वतःची जुनी ट्रंक खाली काढून पुसून ठेवली आहे आणि ती त्यांना आपल्याला दाखवायची आहे.

आपली कृतज्ञ,
कर्लीच्या अलीकडची एक काकी