काका, कार्बोरेटरला हात लावू दिला नाहीत त्याबद्दल

काका, नमस्कार.

नाव लिहायचं नाही ही तुमची अट, म्हणून नुसतं काका. फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणता आणि मी काही बोलायच्या आत फोन कट, मग म्हटलं इथे सगळ्यांसमोरच लिहावं, आता वाचल्याशिवाय सुटका नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. माझ्याकडे एक जुनी ३५० सीसीची सिंगल सिलिंडर फटफटी आहे, ६ व्होल्ट, पॉइंटवाली (पॉइंट म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी धातूची दोन टोकं, ती उघडली की ठिणगी पडते), माझ्यापेक्षा वयाने मोठी. थंड असताना एका किकमध्ये चालू. पंधरा-वीस मिनिटं झाली की आधी मिसिंग, म्हणजे इंजिन मधेच अडखळायचं, मग सायलेन्सरमधून एक फटाका, मग ठप्प. रस्त्याच्या कडेला अर्धा तास उभं राहायचं, इंजिन हाताला सोसेल इतकं गार झालं की परत एका किकमध्ये चालू, जसं काही घडलंच नाही! हे पाच-सहा महिने चाललं होतं.

बंद पडल्यावर प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा) काढला की ओला, काळा, पेट्रोलचा भपकारा. आता ओला आणि काळा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, आणि पेट्रोल जास्त म्हणजे कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग), हे माझं गणित. मी तो कार्बोरेटर सात वेळा खोलला. फ्लोटची (आत पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) उंची बघितली, सुई बदलली, पायलट जेट (कमी रेसवर पेट्रोल सोडणारं बारीक भोक) फुंकून फुंकून साफ केला, मेन जेट दोन नंबर लहान टाकला, स्लाइडमधली (मूठ पिळली की वर सरकणाऱ्या भागातली) नीडल एक खाच खाली उतरवली, सगळं पेट्रोल कमी करायला. दर वेळी गाडी पंधरा मिनिटं झकास चालायची आणि मला वाटायचं सापडलं.

मग मैत्रीण म्हणाली, "माझे सासरे येऊन बघतील", आणि तुम्ही आलात. मला वाटलं होतं पान्यांची पिशवी घेऊन याल, तुम्ही हात मागे बांधून आलात. स्टुलावर बसलात आणि पहिला प्रश्न, "बंद पडल्यावर तू सगळ्यात आधी काय करतेस?" मी म्हटलं, गार व्हायची वाट बघते. "मग चोर पळून गेल्यावर पंचनामा करतेस की!" हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. दुसरं म्हणालात ते जास्त कामाचं होतं, की प्लग ओला आहे याचा अर्थ पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतंय, ते जळत नाहीये इतकंच आत्ता आपल्याला माहीत आहे, जास्त आल्यामुळे जळत नाही की करंट कमी आहे म्हणून जळत नाही हे प्लग सांगत नाही. मी सहा महिने अर्धंच वाक्य वाचत होते.

तुम्ही मला गाडी फिरवून आणायला लावलीत, बंद पडेपर्यंत. नशीब चांगलं, गेटच्या अलीकडेच पडली, ढकलत आत आणली. तिथून पुढची पाच मिनिटं मला जशीच्या तशी आठवतात. आधी टाकीचं झाकण उघडायला लावलंत आणि कान लावून ऐकायला सांगितलंत. झाकणाचं हवेचं भोक बुजलं असतं तर टाकीत ओढ बसून पेट्रोल उतरत नाही आणि गाडी अशीच थोडं चालून मरते, उघडल्यावर हुस्स करून हवा आत जाते. हुस्स झालं नाही. तसा प्लग ओला होता म्हणजे पेट्रोलचा प्रश्न नव्हताच, तरी पाच सेकंदांचं काम आहे, करून टाकावं म्हणालात. लगेच खिशातला चांगला प्लग कॅपमध्ये घालून इंजिनच्या हेडला टेकवला, प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येत असते आणि भडका उडतो. किक मारली. काही नाही. परत किक. एक पिवळट, केसासारखी बारीक ठिणगी. थंड असताना हीच ठिणगी निळी आणि जाड दिसायची, आणि मी कायम थंड असतानाच बघितली होती!!

मग पॉइंटचं झाकण काढायला लावलंत आणि शेडमधला दिवा घालवलात. किक मारली आणि पॉइंटच्या दोन टोकांमध्ये नुसतं वेल्डिंग चाललेलं, चट चट पांढऱ्या ठिणग्या. जी वीज कॉइलमधून (प्लगसाठी व्होल्टेज वाढवणारी) प्लगला जायची ती इथेच जळत होती. तुम्ही एकच शब्द बोललात, "कंडेन्सर", म्हणजे पॉइंटवर अशा ठिणग्या उडू न देणारा छोटा भाग.

मी लगेच वाद घातला, कारण कंडेन्सर मी मीटरवर तपासला होता आणि ०.२२ मायक्रोफॅरड दाखवत होता, म्हणजे एकदम बरोबर. (वाद घातला त्याबद्दल सॉरी, पण घातला ते बरंच झालं.) कारण मग तुम्ही समजावलंत की मीटर त्याला एक-दोन व्होल्टवर तपासतो, तेही टेबलावर गार असताना, आणि पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलच्या प्रायमरीत (पहिल्या गुंडाळीत) दोन-तीनशे व्होल्टचा झटका उठतो, तो त्याला गरम इंजिनच्या पोटात बसून झेलायचा असतो. आतला कागद जुना झाला की गार असताना टिकतो आणि तापला की गळायला लागतो. म्हणून जुन्या स्टॉकमधला, डबीतून न काढलेला कंडेन्सरसुद्धा डोळे झाकून लावू नये, पडून पडूनही तो बिघडतो. हे मी कुठेच वाचलं नव्हतं.

जुन्याची वायर सोडवून बाजूला केली, कारण ती तशीच राहिली तर जुना गळत राहणार आणि नव्याचा काही उपयोग नाही. तुमच्याकडचा कारचा कंडेन्सर बाहेरून वायरने पॉइंटला जोडला, बॉडी अर्थला टेकवली. इंजिन अजून चटका बसेल इतकं गरम. एका किकमध्ये चालू. मी ओरडले, तुम्ही घड्याळ बघितलंत आणि म्हणालात वीस मिनिटं थांब मग ओरड. चाळीस मिनिटं चालली. आता तो टाकीखाली कॉइलशेजारी कायमचा बसवलाय, इंजिनच्या उष्णतेपासून लांब. पॉइंट घासून सपाट केले, कॅमच्या फेल्टला जरासं ग्रीस, गॅप ०.३८ मिलिमीटर.

इथे संपलं असतं तर हे पत्र मी लिहिलं नसतं, मेसेज केला असता.

कारण करंट सुधारल्यावर माझे सगळे प्रताप वर आले. प्लग पांढरा पडायला लागला, रेस सोडली तरी इंजिन वरच घोंगावत राहायचं आणि मग दमून खाली यायचं. साहजिक होतं, करंट कमी म्हणून काजळी धरत होती आणि मी पेट्रोल तोडत बसले होते. तुम्ही पुढच्या रविवारी परत आलात, न बोलावता. रेसच्या मुठीवर आणि तिच्या बाजूला चिकटपट्टीच्या खुणा करायला लावल्यात, बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. तक्रार कुठल्या खुणेवर आहे ते आधी सांग, मग खोल. अगदी सुरुवातीला पायलट जेट आणि एअर स्क्रू, पावच्या आसपास स्लाइडचा काप, मधल्या पट्ट्यात नीडल, पाऊणच्या पुढे मेन जेट. जेट आणि नीडल स्टॅन्डर्डवर आणल्यावर मधली आणि वरची तक्रार गेली. खालचं घोंगावणं राहिलं.

मग कार्बोरेटर जिथे हेडला बसतो तिथे तुम्ही क्लीनरचा स्प्रे मारायला लावलात, आणि इंजिनचा आवाज बदलला. बाहेरची हवा आत ओढत होती. उतरवून फ्लॅन्जवर (हेडला टेकणाऱ्या सपाट बाजूवर) स्टीलची पट्टी आडवी धरली, उजेडाकडे केली, मधोमध उजेडाची एक रेघ दिसली. नट बसतात ते दोन्ही कान हेडकडे वाकलेले. कोणी वाकवले? सात वेळा काढून सात वेळा बसवताना, "नीट बसू दे" म्हणून दर वेळी पाना थोडा जास्त आवळणारी मी. तुम्ही हसला नाहीत. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून आठचा आकडा काढत घासायला सांगितलंत आणि चहा न घेता दीड तास बसून राहिलात. नवी ओ-रिंग घातली आणि नट बोटाच्या जोरापेक्षा जरासाच जास्त. आता रेस सोडली की लगेच खाली येते, डुग डुग डुग.

काका, दोन्ही रविवारी तुम्ही पाना हातात घेतला नाहीत हे मला नंतर लक्षात आलं. मला तेव्हा थोडा रागच आला होता, स्वतः केलं असतं तर अर्ध्या वेळात झालं असतं. पण गेल्या आठवड्यात एका मित्राची गाडी गरम होऊन बंद पडली आणि तो कार्बोरेटरचे स्क्रू सोडायला बसला, तेव्हा मी त्याच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला आणि आधी टाकीचं झाकण उघड म्हटलं. हुस्स झालं!

तुमचा फीलर गेज (गॅप मोजायच्या पट्ट्या) माझ्याकडेच राहिलाय. रविवारी आणून देते, फटफटीवरूनच येईन. पुशरॉडच्या नळीखालून थोडं ऑइल झिरपतंय, ते दिसेलच तुम्हाला, पण त्या दिवशी फक्त गेज द्यायला येणार आहे हे आधीच सांगून ठेवते.

तुमची,
सात वेळा खोलणारी