हरलेल्या पोराला 'कुठे चुकलं' ते विचारा

संपादक महोदय,

मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशिनवर काम करतो, राहायला सिडकोत. २०२१ मध्ये बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा मोबाइलवरचा गोळीबाराचा ऑनलाइन गेम आला तेव्हापासून खेळतोय. मागच्या दिवाळीत सलग सहा मॅच हरलो आणि रात्री दीड वाजता फोन भिंतीवर आपटला. आवाजाने आई उठून आली. तिने काचा वेचल्या, एक शब्दही बोलली नाही. ते अजून मनाला लागून राहिलंय.

खेळू नका, असं मी म्हणणार नाही. पण हिशेब तर बघा: एका मॅचमध्ये १०० जण, चौघांचा संघ धरला तर २५ संघ. जिंकतो एकच. म्हणजे २४ संघांना दर वेळी हरायचंच असतं. त्यात रँक चढली की समोरचेही तोडीचे येतात. हे डोक्यात बसलं आणि माझा निम्मा संताप उतरला. आता सलग दोन हरलो की फोन चार्जिंगला लावतो आणि गच्चीवर जाऊन पांडवलेण्याच्या डोंगराकडे बघत उभा राहतो. खेळताना माइकवर आईबहिणीवरून शिव्या देणाऱ्याचा आवाज लगेच बंद करतो. त्याला उत्तर देत बसलं की नेम हमखास चुकतो.

आमच्या गल्लीतली आठवी-नववीची मुलं हरली की रडकुंडीला येतात आणि घरचे नुसते ओरडतात. तालमीत वस्ताद चितपट झालेल्या पोराला डाव कुठे फसला ते दाखवतो. या मुलांना तसं कोणीच नाही. पालकांनी एकदा तरी शेजारी बसून अख्खी मॅच बघावी.

— एक वाचक, सिडको, नाशिक