सिकलसेल आहे म्हणून तपासणी थांबवू नका: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: सिकलसेलग्रस्त रुग्णाने सांगितलेल्या नव्या लक्षणाची स्वतंत्र तपासणी होण्याबाबत

माननीय महोदय,

मी चंद्रपूर जिल्ह्यातील एक शिक्षिका असून माझ्या रक्ताचा पॅटर्न एसएस आहे, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा सिकलसेल हा आनुवंशिक आजार मला पूर्ण स्वरूपात आहे. हा आजार माझ्या जन्मापासून माझ्याबरोबर आहे आणि त्याचे दुखणे मी चांगले ओळखते. थंडीत, तापात किंवा पाणी कमी प्यायले की ते पाठीतून आणि हातापायांच्या हाडांतून उठते, चार-पाच दिवस अंथरुणाला खिळवते आणि जसे आले तसे ओसरते.

तीन वर्षांपूर्वी उजव्या जांघेत जे दुखू लागले, ते मात्र असे नव्हते. ते पाऊल टाकताना वाढे, मांडी घालून बसू देत नसे आणि महिना उलटला तरी ओसरत नव्हते. मी हे तीन ठिकाणी, प्रत्येक वेळी याच शब्दांत सांगितले. माझे सिकलसेलग्रस्त असल्याचे कार्ड पाहिले की पुढचे प्रश्न थांबत. ‘सिकलसेलचंच आहे, सलाईन लावू,’ एवढ्यावर तपासणी संपे. एका ठिकाणी तर मला दुखण्याच्या इंजेक्शनची सवय लागली असावी, असे माझ्यासमोरच बोलले गेले. एकदा एक्स-रे काढला, तो ठीक आला आणि माझी तक्रार कायमची निकालात निघाली. एमआरआय झाला तो अकरा महिन्यांनी. तोवर रक्तपुरवठा तुटून मांडीच्या हाडाचे डोके आतून मेले होते आणि खचलेही होते.

त्या डॉक्टरांचे म्हणणे एका अर्थी खरे होते, कारण खुब्याचे हाड असे मरणे, म्हणजेच एव्हीएन, हा सिकलसेलचाच परिणाम आहे. परंतु नेहमीच्या क्रायसिसवर, म्हणजे दुखण्याच्या झटक्यावर, जे उपचार आहेत ते एव्हीएनवर चालत नाहीत, सुरुवातीच्या काळात तो साध्या एक्स-रेत दिसत नाही आणि हाड खचण्यापूर्वी सापडला तर सांधा वाचवण्याचा प्रयत्न तरी करता येतो. ‘सिकलसेलचंच आहे’ हे निदान नाही. कोणता परिणाम, कोणत्या अवयवावर आणि किती पुढे गेलेला, हे शोधण्याची ती सुरुवात असायला हवी.

खुब्याच्या बाबतीत उशिराची किंमत सांध्याने मोजली जाते, छातीच्या बाबतीत जिवाने. ताप, छातीत दुखणे आणि धाप एकत्र आली तर फुप्फुसातील गंभीर गुंतागुंतीची शंका घ्यावी लागते. सिकलसेलग्रस्तांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी ती एक आहे. अशा रुग्णाला अंगदुखीची गोळी देऊन घरी पाठवणे कोणत्याही परिस्थितीत क्षम्य नाही. अचानक एका बाजूचा हात लुळा पडणे किंवा लहान मुलाची प्लीहा एकाएकी वाढून ते पांढरेफटक दिसणे, याबाबतही तेच.

महोदय, शासनाने आमच्यासाठी काही केले नाही असे मी म्हणणार नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, एसटीचा प्रवास मोफत झाला आणि 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंत आता अनेकांना आपला पॅटर्न कळेल. पण तो कळल्यानंतर त्या माणसाला उरलेले आयुष्य जगायचे आहे, आणि ज्या कार्डाने त्याची ओळख पटते त्याच कार्डामुळे त्याचे म्हणणे ऐकले जाणे बंद होत असेल, तर त्या तपासणीचा हेतू अर्धवट राहतो.

माझी मागणी खर्चिक नाही. केसपेपरवर ‘हे दुखणे नेहमीचे आहे की नवे?’ हा प्रश्न छापावा आणि उत्तर रुग्णाच्याच शब्दांत लिहावे. उत्तर ‘नवे’ असेल, तर ते सिकलसेलचे नेहमीचे दुखणे आहे असे ठरवणाऱ्या डॉक्टरांनी कोणती तपासणी करून तसे ठरवले हे खाली नोंदवावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात अशा रुग्णाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावल्याशिवाय त्याला घरी सोडू नये, आणि खुब्याचे दुखणे काही आठवडे टिकले तर एक्स-रे ठीक असला तरी एमआरआयसाठी चिठ्ठी द्यावी. यातील बहुतेक गोष्टी आपल्या विभागाच्या एका परिपत्रकाने होऊ शकतात. रात्रपाळीतले डॉक्टर किती ओझ्याखाली असतात हे मी अनेक रात्री वॉर्डात पडून पाहिले आहे. म्हणूनच हे त्यांच्या स्मरणावर न सोडता कागदावर असावे असे मला वाटते.

गेल्या महिन्यापासून माझ्या डाव्या जांघेत, पाऊल टाकताना, तसेच दुखू लागले आहे. येत्या सोमवारी मी पुन्हा केसपेपर काढणार आहे.

आपली विश्वासू,
एक सिकलसेलग्रस्त शिक्षिका,
जिल्हा चंद्रपूर