आयर्लंडमधल्या किलार्नीच्या मावशींचे जाहीर आभार

प्रिय मावशी,

नावानेच हाक मार म्हणून तुम्ही कितीदा सांगितलंत, पण जीभ काही वळली नाही, तेव्हा पत्रातही मावशीच. मराठीत लिहितेय ते माझ्या माणसांना कळावं म्हणून. तुम्हाला रविवारी चहाला आले की तोंडी सांगेनच.

2023 च्या वसंतात पर्यटकांचा सीझन तोंडावर आला आणि माझी सहकारीण राहत होती ते हॉटेल निर्वासितांना ठेवण्याच्या सरकारी करारातून बाहेर पडलं. ती युक्रेनमधल्या खार्किवची, युद्धामुळे इथं आलेली. मुलाला घेऊन त्या हॉटेलच्या एका खोलीत राहायची आणि आमच्या नर्सिंग होममध्ये केअर असिस्टंट म्हणून काम करायची. सामान आवरायला आठवडाही दिला नाही. नवी जागा कुठे, तर मेयो काउंटीत, बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. म्हणजे तिची नोकरी सुटणार, पोराची शाळा सुटणार आणि आमच्या रात्रपाळीतलं एक खंबीर माणूस जाणार. माझ्याकडे न्यावं म्हटलं तर मी स्वतः चौघींच्या भाड्याच्या घरात एका खोलीत, आणि घरमालकाला पाहुणे चालत नाहीत.

तुम्ही आमच्या नर्सिंग होममध्ये बहिणीला भेटायला यायचात, तेवढीच काय ती ओळख. कॉरिडॉरमध्ये माझ्या सहकारणीला रडताना पाहिलंत, मला बाजूला घेऊन विचारलंत आणि म्हणालात, "माझ्या पोरग्याची खोली रिकामीच आहे. धूळ झाडावी लागेल."

ती खोली मी पाहिली आहे. भिंतीवर आपल्या केरी काउंटीच्या संघाची हिरवी-सोनेरी जर्सी, खणात फुटबॉलची मेडलं, खिडकीशी तुमचं शिलाई मशीन. मशीन तुम्ही जिन्याखाली हलवलंत, जर्सी मात्र राहू दिलीत. आता सहकारणीचा पोरगा तीच घालून शाळेच्या मैदानावर जातो.

तुमचा मुलगा सिडनीला का गेला, हे तुम्ही कधी लपवलं नाहीत. इथं पगार होता, पण घर मिळेना. 2008 च्या मंदीनंतर या देशात घरबांधणी जवळजवळ थांबली, ती नंतर गरजेच्या जवळपासही पोहोचली नाही. वर 2022 च्या जनगणनेत 1,66,000 हून जास्त घरं रिकामी निघाली, हे गणित मला अजून सुटलेलं नाही. अशा 51 लाखांच्या देशात दोन वर्षांत एक लाखावर युक्रेनी माणसं आली. हॉटेलं भरली, सुट्टीतली विद्यार्थी वसतिगृहं भरली, गॉरमन्स्टनच्या लष्करी तळावर तंबू ठोकले, सिटीवेस्टच्या निर्वासित केंद्रात लोक जमिनीवर आणि खुर्च्यांवर झोपले. दुकानात तुम्हाला कुणीतरी सुनावलंच, "आपल्याच पोरांना घरं नाहीत आणि तुम्ही..." तुम्ही दुधाची बाटली पिशवीत टाकत म्हणालात, "माझा गेला तेव्हा ही बाई खार्किवमध्ये स्वतःच्या घरात होती." आणि घरी आलात. बोलणाऱ्या बाईंना मी वाईट म्हणणार नाही. त्यांची लेकही नवऱ्यासह आईबापाच्या घरात राहते. चिडण्यात चूक नाही, फक्त राग भलत्याच दारावर निघतो.

निर्वासितांना घरात ठेवल्याबद्दल मिळणारे सरकारचे महिना 800 युरो तुम्ही घेतलेत आणि त्यातून हीटिंगच्या तेलाची टाकी भरलीत, यावरही काहींनी तोंड वाकडं केलं. करू देत. हिवाळ्यात तीन माणसांचं घर उबदार ठेवायला पैसे लागतात. 2025 मध्ये ती रक्कम 600 वर आली, तरी तुम्ही खोली खाली करायला सांगितली नाहीत.

सगळं गोडीगुलाबीत झालं असंही नाही. इमर्शनचा स्विच चालू राहिला की तुमचा आवाज जिन्यावरून वरपर्यंत जायचा. तिला वाटायचं, आता हाकलणार. मी समजावलं, अगं, पाणी तापवायची वीज फुकट जाते म्हणून या देशात आई लेकीलाही अशीच ओरडते. तिच्या लसणाचा वास पडद्यांना बसला, ही तक्रार मात्र रास्त होती. मग फ्रिजचे दोन कप्पे तिचे ठरले, शनिवारी स्वयंपाकघर तिचं, आणि तुम्ही तिचं बीटाचं सूप, बोर्श्च, खायला लागलात, मलई जरा जास्त घालून.

मी कोल्हापूरची. आमच्या गावाजवळ वळिवड्याला 1943 ते 1948 या काळात पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. ते गेल्यावर त्याच छावणीत फाळणीत उखडलेली सिंधी कुटुंबं आली. आज तिथे गांधीनगरची कापडपेठ आहे, आमच्या घरातल्या लग्नांचे बस्ते तिथेच बांधले गेले. पण ती छावणी होती, आणि छावणी उभारतं सरकार. तुम्ही तर स्वतःच्या बाथरूमबाहेर रांग लावून घेतलीत, तीही सत्तरी ओलांडल्यावर. हे मला जमलं असतं का, खरंच सांगता येत नाही.

युक्रेनी लोकांचं तात्पुरतं संरक्षण, म्हणजे इथं राहायची आणि काम करायची परवानगी, 2025 मध्ये मार्च 2027 पर्यंत वाढवली गेली. पुढचं कुणालाच ठाऊक नाही. ती भाड्याचं घर शोधतेच आहे, जाहिरात दिसेपर्यंत घर गेलेलं असतं. दरम्यान पोरगा सेकंडरी स्कूलमध्ये गेला, आणि फॉर्मवर पत्ता तुमचा, एअरकोडसकट, म्हणजे इथल्या पिनकोडसकट.

मावशी, तिच्या वतीने, पोराच्या वतीने आणि आमच्या रात्रपाळीच्या वतीने मनापासून आभार. रविवारी चकल्या आणते. तिखट कमी घातलंय, तरी पाणी जवळ ठेवा.

तुमची,
नर्सिंग होममधली कोल्हापूरकर